माशाने मला खाल्लं का? फिलिपिनो क्रियापदं आणि सासुरवाडीच्या समजुती

सुस्त जावई

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझी बायको फिलिपिन्सची, बातांगास प्रांतातली. ओळख दुबईत झाली, लग्न दोनदा झालं (एकदा तिच्या गावच्या चर्चमध्ये, एकदा चिंचवडच्या कार्यालयात) आणि आता चार महिन्यांची लेक आहे. बायको बाळंतपणाला माहेरी आली, मागोमाग मीही रजा टाकून आलोय. दुबईत आमचं इंग्रजीवर भागत होतं. इथे सासूबाईंना, म्हणजे इनायना, इंग्रजी कळतं पण बोलायला आवडत नाही. तेव्हा एक जाडजूड पुस्तक आणलं, मेव्हण्याला शिकवणीला धरलं आणि बसलो.

शब्दांचं ओझं वाटत नाही. मुखा म्हणजे चेहरा, गुरो म्हणजे शिक्षक, आसा म्हणजे आशा, रानातली देवी ती दिवाता. आपलं संस्कृत कधीचं इथे येऊन बसलंय. 'कामी' आणि 'तायो' यांतला फरक समजावायला मेव्हण्याने अख्खी संध्याकाळ राखून ठेवली होती. मी म्हटलं, अरे, हे आमचं 'आम्ही' आणि 'आपण'. दोन मिनिटांत धडा संपला, त्याचा चेहराच पडला.

घोडं अडलंय क्रियापदापाशी. 'काइन' म्हणजे खाणं. कुमाइन म्हणजे खाल्लं, कुमाकाइन म्हणजे खातोय, काकाइन म्हणजे खाईन. इथवर ठीक. पान उलटलं तर किनाइन, किनाकाइन, काकाइनिन. पुन्हा खाल्लं, खातोय, खाईन! 'कुमाइन आको नांग इस्दा' म्हणजे मी मासा खाल्ला आणि 'किनाइन को आंग इस्दा' म्हणजेही मी मासाच खाल्ला. मग दोन-दोन कशाला?

आता खरी गंमत. गेल्या रविवारी घरी तुलिंगान केला होता. ट्यूनाच्या जातीतला छोटा मासा. मातीच्या भांड्यात, केळीच्या पानात गुंडाळून, तासन्‌तास मंद आचेवर. इनायने मला विचारलं, "नाकाइन का गा नांग तुलिंगान?" पुस्तकात होतं की 'ना' लावला की काम न ठरवता, चुकून घडलेलं असतं. 'का' म्हणजे तू. आणि 'नांग'च्या पुढे करणारा. मी मनात अर्थ लावला : तुला तुलिंगानने चुकून खाल्लं का? असं काही झालेलं नसल्यामुळे मी नम्रपणे "हिंदी पो" म्हटलं. (हिंदी म्हणजे नाही. पो हे आदरार्थी.) सगळ्यांनी तुलिंगान खाल्ला, माझ्या ताटात अंड्याची पोळी आली.

त्याच दुपारी शेजारीण आली आणि लेकीच्या गालांचं तोंड भरून कौतुक केलं. इनाय लगेच "पुवेरा उसोग!" (आपलं 'दृष्ट न लागो') म्हणाल्या आणि शेजारणीला बोट जिभेला लावून बाळाच्या पोटाला टेकवायला लावलं. मी मागून ओल्या फडक्याने पुसून काढलं. रात्री बाळ जे रडायला लागलं ते पहाटेपर्यंत. घरात एकच शब्द : नाउसोग. आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

तर प्रश्न असा. नाकाइनमधला 'ना' आणि नाउसोगमधला 'ना' एकच का? आणि हे 'कोणावर रोख' प्रकरण मराठी डोक्यात शिरवायचं कसं?

काळी तीट

लेकीला आमच्यातर्फे काजळाचं बोट. फोटो टाकू नका.

पंतोजी

यात अवघड काहीच नाही. हे आपले कर्तरी आणि कर्मणी प्रयोग. 'मुलगा आंबा खातो' हा कर्तरी, क्रियापद मुलाच्या मागे. 'मुलाने आंबा खाल्ला, मुलाने पोळी खाल्ली' हा कर्मणी, क्रियापद आंब्या-पोळीच्या मागे. कुमाइन म्हणजे कर्तरी, किनाइन म्हणजे कर्मणी. सातवीच्या व्याकरणाच्या पुस्तकात सगळं आहे.

द्विरुक्त

पंतोजी, आदरपूर्वक अर्धं मान्य. 'मुलाने आंबा खाल्ला' इथे आपल्याला निवड कुठे असते? भूतकाळ आला की कर्मणी आपोआप गळ्यात पडतो, 'मुलगा आंबा खाल्ला' म्हणायची सोय नाही. फिलिपिनोत बोलणारा निवडतो. 'खातोय'लाही दोन रूपं, 'खाईन'लाही दोन. आणि किनाइन म्हणजे 'माझ्याकडून मासा खाल्ला गेला' असलं सरकारी खात्याचं वाक्यही नव्हे. रोजच्या बोलण्यातलं साधं वाक्य आहे ते.

मी मनिलात पाच वर्षं काढली. तिथे मी स्वतःला असं समजावलं होतं : प्रत्येक वाक्याला एक पालखी असते. 'आंग' म्हणजे ती पालखी. तिच्यात कोण बसलंय ते क्रियापद सांगतं. बाकीचे सगळे 'नांग' आणि 'सा' लावून पायी चालतात.

आई बाजारातून मासे आणते, एवढीच गोष्ट घ्या. धातू 'बिली', विकत घेणं. 'बुमिली आंग इनाय नांग इस्दा' : पालखीत आई. ती काय करून आली ते सांगतोय, मासा कुठलातरी. 'बिनिली नांग इनाय आंग इस्दा' : पालखीत मासा. तोच तो, आपण ज्याबद्दल बोलत होतो. 'इबिनिली नांग इनाय नांग इस्दा आंग बाता' : पालखीत मूल, ज्याच्यासाठी घेतला ते. लिहायला वापरलेली पेन्सिलसुद्धा पालखीत बसू शकते, त्यासाठी वेगळा उपसर्ग आहे. आपल्या तीन प्रयोगांत पेन्सिलीला कोण विचारतं?

जावईबापू, फ्रिजमधला ठेवलेला मासा गायब झाला आणि कोणी खाल्ला अशी चौकशी सुरू झाली, तर कबुली 'किनाइन को' अशीच द्यायची. 'कुमाइन आको नांग इस्दा' म्हणालात तर तुम्ही कुठेतरी काहीतरी मासे खाल्ले एवढंच कळेल. पळवाट म्हणून वाईट नाही.

सुस्त जावई

पालखी एकदम पोचली! पण ते कुमाकाइन, काकाइन? तिथे मी अजून पाठांतरावर आहे.

द्विरुक्त

पाठांतर सोडा, दोन खुणा बघा. धातूच्या पोटात 'उम' किंवा 'इन' घुसला की काम सुरू झालं. पहिलं अक्षर दोनदा आलं की काम अजून उरलंय. कुमाइन : घुसलाय, दुहेरी नाही, म्हणजे सुरू होऊन संपलं. कुमाकाइन : दोन्ही खुणा, सुरू झालं पण संपलं नाही. काकाइन : नुसतं दुहेरी, म्हणजे अजून सुरूच नाही. काळ यात येतच नाही. 'काल ते आले तेव्हा मी जेवत होतो' यातही कुमाकाइनच. 'मी मासे खातो', म्हणजे मला चालतात, यातही कुमाकाइन. सवय ही कधी न संपणारी क्रिया, असा हिशेब.

एकच दगाबाजी : 'खा!' ही आज्ञाही कुमाइनच. आज्ञा की बातमी ते प्रसंगावरून ओळखायचं.

बोलाचीच कढी

मनिलातला लिफ्टचा किस्सा कोणीच कसा सांगितला नाही? 'बाबा' म्हणजे खाली जाणं. अजून सुरू न झालेलं काम, म्हणून पहिलं अक्षर दुहेरी : बाबाबा. 'बा' हे प्रश्नार्थक. आतल्या माणसाला विचारायचं, "बाबाबा बा?" तो म्हणतो, "बाबाबा." संवाद संपला. दोन माणसं, एक अक्षर, व्याकरण चोख.

काळी तीट

आमच्याकडे हा संवाद चार महिन्यांचं बाळ करतं.

डेकवरचा दाजी

मी रत्नागिरीचा, वीस वर्षं बोटीवर. जगात कुठलीही बोट घ्या, खलाशांत फिलिपिनो असणारच. त्यांची भाषा मी पुस्तकातून नाही, मेसमध्ये शिकलो. त्यामुळे पालखीबिलखी माहीत नाही, पण 'ना' आणि 'मा'चं सांगतो.

पहिल्याच बोटीवर माझ्या हातून ग्लास फुटला. मी नवीन शिकलेलं वाक्य फेकलं, "बिनासाग को आंग बासो." सगळे चपापले. बोसन, म्हणजे आमचा मुकादम, शांतपणे म्हणाला, "नाबासाग." मी म्हटलेल्याचा अर्थ होता 'मी ग्लास फोडला', रागाने, आपटून. त्याने दुरुस्त करून दिलं, 'माझ्याकडून फुटला'. मराठीत आपण हेच करतो की नाही? लहानपणी आईसमोर 'फोडला' कोणी म्हणायचं का? 'फुटला'च म्हणायचं.

आता समजुतींचं. एकदा जडान्न जेवून तसाच बंकवर आडवा झालो. केबिनमधला सोबती हलवून उठवतोय, "बाका बाङुङुतिन का!" बाका म्हणजे कदाचित. (बाका म्हणजे गायसुद्धा, फक्त जोर वेगळ्या अक्षरावर. मी आधी गाय समजलो.) बाङुङोत म्हणजे झोपेत छातीवर बसणारं भयाण स्वप्न, त्यातून माणूस उठतच नाही म्हणतात. भरल्या पोटी झोपलं की येतं, आणि आलंच तर पायाचा अंगठा हलवायचा किंवा हाताचा चावायचा, म्हणजे सुटका. मी हसलो. तो हसला नाही. त्याचा काका तसा गेला होता.

अर्धा डॉक्टर

दाजी, हसण्यासारखं नाहीच ते. मी दवाओत वैद्यकीय शिकतोय (आपल्याकडची बरीच मुलं आहेत इथे). तरणाबांड, धडधाकट माणूस झोपेत अचानक जातो, या प्रकाराचा संबंध डॉक्टर आता ब्रुगाडा सिंड्रोमशी जोडतात. हृदयाच्या ठोक्यांचा जन्मजात दोष, आग्नेय आशियात जास्त सापडणारा. शब्द जुना, कारण नवं सापडलं.

बाकी तुम्ही सगळे तागालोग शिकताय, माझी वेगळीच कथा. मी येण्याआधी सहा महिने फिलिपिनोचा ॲप घासला. इथे येऊन बघतो तर वॉर्डात सगळे बिसाया बोलतात! किनाइनच्या जागी 'गिकाओन'. उसोगला इथे 'बुयाग' म्हणतात, 'पुवेरा बुयाग' म्हणायचं. १९८७च्या राज्यघटनेत राष्ट्रभाषा फिलिपिनो आहे, तिचा पाया तागालोग. पण दवाओतल्या आजीबाईला पोटात कुठे दुखतंय हे विचारायला राज्यघटना कामी येत नाही.

वाङ्मयविशारद

बाङुङोत! वर्णमालेत इतकी वर्षं फुकटची जागा अडवून बसलेला ङ अखेर नोकरीला लागला.

बोलाचीच कढी

त्यांच्याकडे तो शब्दाच्या सुरुवातीलाही येतो. ङायोन म्हणजे आता, ङिपिन म्हणजे दात. म्हणून बघा, दात जागेवर राहिले तर कळवा.

ताम्हन

मूळ धाग्यातल्या समजुतींच्या अंगाने थोडं. मी शारजात नर्स होते, वॉर्डात निम्म्या जणी फिलिपिना. आजारपणाची त्यांची क्रियापदं ऐकून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. 'निलालाग्नात आंग बाता', मुलाला ताप आलाय. द्विरुक्तांच्या भाषेत पालखीत मूल बसलंय आणि 'इन'वालं रूप आहे, म्हणजे मुलाला कोणीतरी काहीतरी करतंय. पण करणारा वाक्यात नाहीच! त्याची जागा रिकामी. सर्दी झाली, झोप यायला लागली, सगळं याच साच्यात. आणि मग तोच साचा घेऊन 'मिनुमुल्तो' म्हणजे भुताने पछाडलंय, 'इनास्वांग' म्हणजे आस्वांगने गाठलं (रात्री हिंडणारी, माणसाचं काळीज खाणारी बया). तापात आणि भुतात व्याकरण फरक करत नाही. करणाऱ्याची जागा मोकळी ठेवली की तिथे कोणीतरी येऊन बसणारच, असं मला तरी वाटतं.

आमच्यातली एक जण गणवेशाला इस्त्री केली की हात धुवायची नाही. कितीही घाई असो, हातमोजे घालेल, पण पाणी लावणार नाही. "मापापास्मा आको" म्हणायची. पास्मा म्हणजे तापलेल्या अंगाला गार पाणी लागून नसा बिघडणं, हाताला कंप सुटणं. तीच बाई सलाईन लावायला अख्ख्या मजल्यावर सगळ्यांत वाकबगार. इस्त्री झाली की दहा मिनिटं हात मांडीवर उताणे ठेवून बसायची, निवेपर्यंत. तेवढा वेळ तिचे पेशंट मी बघायचे.

रोखठोक

ताम्हन, लेखन छान, निष्कर्ष भोंगळ. आपणही 'मला ताप आला' म्हणतो. ताप काय चालत येतो? म्हणून मराठी माणूस तापाला पाहुणा समजतो का? त्यांच्याकडे 'उमुउलान' म्हणजे पाऊस पडतोय, त्यातही करणारा नाही. तिथे कोण येऊन बसतो? व्याकरणातून लोकांचं मन वाचायचा हा धंदा बंद करा.

आणि धागाकर्त्याला : परक्या माणसाची थुंकी चार महिन्यांच्या बाळाला लावणं हे किळसवाणं आहे. तुम्ही पुसलंत ते योग्य केलंत. कौतुक वगैरे काय चाललंय इथे!

ताम्हन

ताप नाही, पण देवी 'येतात' आणि गोवराच्या मुलाला पाहुण्यासारखं वागवणारी घरं मी पाहिली आहेत हो, रोखठोक. आमच्याच आळीत.

रोखठोक

हा मुद्दा घेतला. थुंकीचा घेतलेला नाही.

अर्धा डॉक्टर

थुंकीबद्दल रोखठोकांना +१. तान्ह्या बाळाला मोठ्यांकडून नको ते संसर्ग होतात. रात्रभराचं रडणं बहुधा पोटातला वायू, पण ताप असेल तर समजुती बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

द्विरुक्त

दोघांच्या मध्ये पडतो. व्याकरणामुळे भूत येत नाही, पण भुताबद्दल बोलताना कुठलं रूप निवडलं जातं ते बघण्यासारखं आहे. दाजींचा ग्लास आठवा. कुलाम म्हणजे करणी, मुद्दाम केलेली. तिला 'किनुलाम' म्हणता येतं, रोख धरून, जाणूनबुजून. उसोगला लोकांच्या तोंडी येतं ते 'नाउसोग', 'माउसोग'. म्हणजे शेजारणीने काही केलं असा आळच नाही. तिच्याकडून झालं. तिची नजर, तिचा श्वास, तिचं कौतुक, जे असेल ते, पण हेतू नाही. म्हणून उताराही तिच्याच हातून घेतात आणि ती रागावत नाही. आपल्याकडे 'दृष्ट लावली' आणि 'दृष्ट लागली' यांत जे अंतर आहे तेच. पहिल्यात भांडण आहे, दुसऱ्यात मीठ-मोहरी.

जावईबापू, तुम्ही पुसून टाकलंत ते मात्र बिनासागमध्ये मोडतं.

माडाखालचा

'पुवेरा' म्हणजे स्पॅनिशमधलं 'बाहेर', आमच्या पोर्तुगीजमधलं 'फोरा'. त्यांनी स्पॅनिश सोसली, आम्ही गोवेकरांनी पोर्तुगीज. त्यांचा साबोन, आपला साबण. कूळ एकच.

तुलिंगानबद्दल एक विचारायचं होतं. त्यात आंबटाला काय घालतात? मला कोणीतरी सुकवलेले कामियास सांगितले होते. कामियास म्हणजे आमची बिंबलां! आमच्या परसात झाडाखाली सडा पडतो.

सुस्त जावई

हो, तेच! मी वास घेतलाय, चव नाही. अंड्याची पोळी खाल्ली.

इतिहासाची वही

अवांतर : १७६२ साली इंग्रजांनी मनिला घेतली आणि १७६४ साली सोडली. मद्रासहून नेलेल्या शिपायांपैकी काही परतलेच नाहीत, मनिलाजवळच्या काइंता गावात संसार थाटून राहिले. म्हणजे तिथे भारतीय जावयांची परंपरा अडीचशे वर्षांची आहे, धागाकर्त्याने स्वतःला एकटं समजू नये.

पंतोजी

त्यांनाही कोणी प्रयोग समजावून दिले नसणार.

खजुराची बी

समजुतींची यादी वाढवते. मी अबू धाबीत फिलिपिनो घरमालकिणीकडे राहायचे. रात्री केर काढायचा नाही, घरातलं नशीब बाहेर जातं. (आजीची आठवण आली, फक्त ती लक्ष्मी म्हणायची.) रात्री नखं कापायची नाहीत. एका वर्षात दोन सख्ख्या भावंडांची लग्नं करायची नाहीत, त्याला सुकोब म्हणतात. आमच्याकडे सहा महिन्यांचा नियम, त्यांच्याकडे वर्ष. चमचा पडला तर बाई येणार, काटा पडला तर पुरुष. तिथेही 'नाहुलोग' म्हणायचं, आपोआप पडला, तरच पाहुणा. मुद्दाम पाडलेल्या चमच्याने कोणी येत नाही, मी करून बघितलंय.

मयताच्या घरून निघालं की थेट घरी जायचं नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, कॉफी प्यायची, नाहीतर दुकानात फिरायचं, म्हणजे मागे लागलेला वाट चुकतो. याला पागपाग म्हणतात, म्हणजे झटकणं. मृताच्या घरच्यांनी भेटायला आलेल्यांचे आभार मानायचे नाहीत, दारापर्यंत सोडायला यायचं नाही. आपणही अशा घरातून निघताना 'येतो' म्हणत नाही. मालकिणीची आई गेली तेव्हा मी निघताना सवयीने गप्पच उठून गेले. नंतर ती म्हणाली, तुला कोणी सांगितलं होतं का?

आणि सांत्वनाला जायचं तर 'नाकिकिरामाय पो'. यातलं 'नाकि' म्हणजे दुसऱ्याच्या कामात आपलाही हात लावणं. दामाय म्हणजे दुःखात सोबत. मेलेल्याबद्दल त्या शब्दात काहीच नाही.

डेकवरचा दाजी

'नाकि'चा भाऊ 'माकिकि'. 'माकिकिराआन पो' म्हणजे जरा वाट द्या. माणसांना असं म्हणायचं. माणूस नसेल आणि वारूळ किंवा जुनं झाड असेल, तर 'ताबि-ताबि पो', बाजूला व्हा हो. वारुळातला म्हातारा, नुनो, रागावू नये म्हणून. आमचा कुक रत्नागिरीला माझ्या घरी आला होता तेव्हा परसातल्या वारुळापाशी हळूच पुटपुटला. आईने विचारलं काय म्हणाला, मी सांगितलं. आई म्हणाली, "शहाणा आहे." मी वीस वर्षं बोटीवर, मला कधी नाही म्हणाली.

वाङ्मयविशारद

काकू ग्रेट.

डेकवरचा दाजी

अरे, मूळ प्रश्न राहिलाच की! जावईबापू, बातांगासची माणसं बोटीवर भरपूर भेटली. तुमच्या सासूबाईंचं वाक्य पुस्तकातलं नाही, गावचं आहे. मनिलावाला जिथे 'कुमाकाइन' म्हणतो तिथे बातांगासवाला 'नाकाइन' म्हणतो. आणि त्यांचं प्रश्नाचं अक्षर 'बा' नाही, 'गा'. म्हणजे इनायने विचारलं : तू तुलिंगान खातोस का? चालतो का तुला? एवढंच! हा 'ना' तो 'ना' नव्हेच.

यावर त्यांचाच एक जुना विनोद आहे. बातांगासवाला मनिलावाल्याला विचारतो, "नाकाइन का गा नांग पातिंग?" पातिंग म्हणजे शार्क. त्याला म्हणायचंय, शार्क खातोस का? मनिलावाल्याला ऐकू येतं, तुला शार्कने खाल्लं का? तो घाबरून अंग चाचपतो. तुम्ही त्या विनोदात स्वतः जाऊन बसलात.

द्विरुक्त

दाजी, दंडवत! पुस्तक वाचून मलाही हे लक्षात आलं नव्हतं. यात दुसरा पेच 'नांग'चा. पालखीत कर्ता बसला तर 'नांग'पुढे कर्म येतं, कर्म बसलं तर 'नांग'पुढे कर्ता. क्रियापद चुकीचं लावलं की जेवणारा आणि जेवण यांची अदलाबदल.

बोलाचीच कढी

"नाकाइन का गा" हे नागपूरच्या रस्त्यावर म्हटलं तर लोक उत्तर देतील. "नाई गा, आताच जेवलो."

काळी तीट

'आताच जेवलो'ला काय म्हणतात?

द्विरुक्त

'काकाकाइन को लांग'. हो, तीनदा 'का'. नुकतंच झालेल्या कामाचं हे वेगळं रूप आहे आणि गंमत म्हणजे याला पालखीच नाही. 'आंग' कुठेच येत नाही, सगळे पायी.

काळी तीट

काका, काइन को लांग. कळलं.

सुस्त जावई

मंडळी, चार दिवस गायब होतो. लेक ठणठणीत आहे, डॉक्टरांनी वायूच सांगितला. इनायने ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, वायू कशाने झाला ते विचारलं का त्यांना? ताम्हन आणि रोखठोक, तुमचं तुम्ही बघून घ्या.

थुंकीवर तोडगा निघाला. चिंचवडहून आईने बारशासाठी काळ्या मण्यांच्या मनगट्या पाठवल्या होत्या, त्या कालच पोचल्या. मी पाकीट उघडत होतो आणि कसं समजावायचं याची वाक्यं जुळवत होतो, 'पुनेरा' की 'पुवेरा', 'ना' की 'मा'. इनायने मनगटी उचलली, उजेडात धरली, मणी बोटांनी मोजले आणि म्हणाल्या, "आ, पांगोंत्रा!" पांग म्हणजे कशासाठीतरी वापरायची वस्तू, कोंत्रा म्हणजे विरुद्ध. इथे लाल-काळ्या मण्यांचा असतो म्हणे. त्यांनी स्वतःच लेकीच्या हातात चढवली. आता शेजारणीला नुसतं लांबून हसायची परवानगी आहे.

काल पुन्हा तुलिंगान होता. दाजींचं वाक्य पाठ करून बसलो होतो. इनायने भांड्यावरचं झाकण काढलं, पानाचा करपट-आंबट वास आला, आणि त्यांनी माझ्याकडे न बघता सवयीने अंडं फोडायला घेतलं. मी म्हटलं, "इनाय, नाकाइन पो आको नांग तुलिंगान."

अंडं हातात तसंच. मग मेव्हणा खो-खो हसायला लागला. तो मनिलात शिकलाय. म्हणे, बघा, हा अजून माशाच्या पोटातूनच बोलतोय.

शेपटीकडचा तुकडा मिळाला. डोक्याकडचा मागायचा तर कुठलं रूप लागतं?

माडाखालचा

आधी बिंबलांचं प्रमाण विचारून घ्या, व्याकरण मागून.